बॅटींच्या दालनात न दिसलेली पावतीपुस्तकं

खेळाच्या नकाशावर मानखुर्द कुणी शोधत नाही, पण हार्बर लाइनवरची त्याची जागा बघण्यासारखी आहे. सीएसएमटीची गाडी पकडली, की उतरल्यावर वानखेडे स्टेडियम चालत गाठता येतं. पनवेलची पकडली, की खाडीपूल ओलांडून नेरूळ, म्हणजे डी. वाय. पाटील स्टेडियम. पुरुषांच्या संघाने २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर विश्वचषक जिंकला, महिलांच्या संघाने २ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरूळला. आणि सायन-पनवेल रस्त्यावर उभं राहून पुण्याची बस धरली, तर सहकारनगरमधलं ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेटचं संग्रहालय. या तिन्ही वाटांनी मी गेली काही वर्षं जात आले आहे. या काळात महाराष्ट्राने आपल्या आंतरराष्ट्रीय खेळाची आठवण कशी जपली आणि काय जपायचं राहून गेलं, ते मला सांगायचं आहे.

पुण्याचं संग्रहालय रोहन पाटे यांनी उभं केलं. २०१२ साली सचिन तेंडुलकरच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. एका माणसाच्या वेडातून एवढा संग्रह जमू शकतो, हे पाहून मी भारावून गेले होते. सह्यांच्या बॅटी, सामन्यात वापरलेले चेंडू, हातमोजे, वेगवेगळ्या देशांच्या जर्सी, विश्वविजेत्या संघांच्या आठवणी. टीव्हीवर पाहिलेली खेळी आपल्यासमोर लाकडाच्या रूपात उभी असते. बॅटीच्या पात्यावर चेंडूचे लाल डाग दिसतात आणि त्या डागांमुळे ती खेळी खरी वाटायला लागते. सरकार नाही, मोठी संस्था नाही, एका घरातून हे काम झालं, याचं मोल मला आजही मोठं वाटतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई क्रिकेट असोसिएशनने वानखेडेवर आपलं संग्रहालय सुरू केलं. त्याला शरद पवारांचं नाव आहे आणि सुनील गावसकरांचा पुतळाही तिथे उभा राहिला. रणजी करंडक ४२ वेळा जिंकलेल्या संघाला स्वतःचं दालन मिळायला इतका उशीर का लागला, हा प्रश्न आता मागे पडला. मुंबईच्या खेळाडूंच्या वस्तू मुंबईत, मैदानाला लागून, लोकलने जाता येईल अशा ठिकाणी आल्या, हे चांगलंच झालं.

तरी दोन्ही ठिकाणांहून परतताना एक गोष्ट मनात राहायची. आमच्या भागात कबड्डीची मंडळं आहेत. जिल्ह्याबाहेर सामने असले की वर्गणी निघते. एसटीचं भाडं, प्रवेश फी, जर्सीची शिलाई, मुलांचं दोन वेळचं जेवण, सगळं पावतीपुस्तकात उतरतं. कुणी शंभर देतं, कुणी अकरा. खेळ या पावत्यांवर चालतो, हे मी जवळून पाहिलं आहे. म्हणून संग्रहालयात मला बॅटीच्या शेजारी दुसरं काहीतरी हवं असतं: त्या खेळाडूला तिथवर नेण्याचे पैसे कुणी दिले, हे सांगणारा कागद. आपल्याकडच्या आंतरराष्ट्रीय खेळाचा इतिहास त्या कागदाशिवाय कळतच नाही.

सुरुवात मुंबईतूनच झाली. १८८६ साली पारशी क्रिकेटपटू बोटीने इंग्लंडला गेले, तो भारतीय संघाचा पहिला परदेश दौरा. १९११ च्या दौऱ्यात पाळवणकर बाळू यांनी इंग्लंडमध्ये शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबवर खेळपट्टीची निगा राखणारा, जातीमुळे चहाचा कप वेगळा मिळणारा हा गोलंदाज त्या दौऱ्यातला सगळ्यात यशस्वी खेळाडू ठरला. कर्णधार होते पतियाळाचे महाराज. एकाच संघातल्या या दोन माणसांमधलं अंतर कोणत्याही चषकापेक्षा जास्त सांगून जातं.

पण ज्या पर्वासाठी मला खरोखर एक दालन हवं आहे, ते १९१९ सालचं आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. जिमखान्याच्या स्पर्धेत त्यांनी अनवाणी धावणारी खेड्यातली पोरं पाहिली आणि ही पोरं ऑलिंपिकला गेली पाहिजेत, हे त्यांच्या मनाने घेतलं. मुंबईच्या गव्हर्नरांकडे शब्द टाकला गेला, सरकारने काही रक्कम दिली, टाटांनी स्वतःची घातली, लोकांकडून निधी गोळा झाला. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला सहा जणांचा संघ गेला. बंगालच्या पूर्मा बॅनर्जी यांच्या बरोबरीने त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले, साताऱ्याचे सदाशिव दातार, हुबळीचे कैकाडी आणि कुमार नवले व रणधीर शिंदे हे दोन पैलवान होते. नावं वाचली तरी त्यांच्यामागचे मराठी आणि सीमाभागातले आखाडे, माळरानं डोळ्यांपुढे येतात.

अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, ऑलिंपिकच्या इतिहासात सर्वांत लांब. चौगुले ती २ तास ५० मिनिटांच्या आसपास धावले आणि एकोणिसावे आले. शिंदे कुस्तीत चौथे आले, म्हणजे कांस्यपदक एका कुस्तीवर राहिलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक येण्याच्या बत्तीस वर्षं आधीची ही गोष्ट आहे. बेळगावातही आज किती शाळकरी मुलांना चौगुले हे नाव ठाऊक असेल? वानखेडेवर मला भेटलेल्या खेळप्रेमींपैकी कुणी ते ऐकलेलं नव्हतं. दोष त्यांचा नाही. ते नाव जिथे दिसेल अशी भिंतच आपण उभी केली नाही.

मग १९५२, हेलसिंकी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. त्याआधी १९४८ साली लंडनला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते गेले होते आणि सहावे आले होते. चार वर्षांनी पुन्हा जायचं तर पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी झाली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. जुलै महिन्यात खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये त्यांना नियमाप्रमाणे विश्रांती मिळाली नाही आणि त्यासाठी भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असं कुस्तीच्या वर्तुळात आजही सांगतात. परतल्यावर कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि मग खाशाबा फडांमध्ये कुस्त्या खेळून खर्डेकरांचं कर्ज फेडायला लागले. ते गहाणखत आज कुठे असेल तर ते काचेखाली ठेवण्याच्या योग्यतेचं आहे. महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासातला त्याच्याहून मोठा दस्तऐवज माझ्या माहितीत नाही.

त्याच हेलसिंकीला वांद्र्याची मेरी डिसूझा ही धावपटू गेली होती. तिच्यासाठी मित्रमैत्रिणींनी नाचाचे आणि पत्त्यांचे कार्यक्रम करून पैसे जमवले. कराडच्या शेतकऱ्याची वर्गणी आणि वांद्र्याच्या पार्टीतली तिकीटविक्री, दोन्ही एकाच ऑलिंपिकच्या गावात पोहोचल्या. त्या वेळच्या मुंबई राज्याचं एवढं खरं चित्र मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही, आणि दोन कथा शेजारी शेजारी मांडलेल्याही कुठे पाहिल्या नाहीत.

१९७२ साली मुरलीकांत पेटकर जर्मनीतल्या हायडलबर्गला गेले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून पायांतलं बळ गेलेला हा सांगली जिल्ह्यातला जवान पूर्वीचा बॉक्सर. पन्नास मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी पॅरालिंपिकचं सुवर्ण जिंकलं. भारताचं ते पहिलं वैयक्तिक सुवर्ण. त्यांच्या जाण्याचा खर्च उचलायला पुढे आले क्रिकेटपटू विजय मर्चंट. मला इथे थांबावंसं वाटतं. मर्चंट यांची बॅट क्रिकेटच्या संग्रहालयात शोभून दिसेल, पण तिच्याजवळ पेटकरांच्या प्रवासाचं तिकीट ठेवलं, तर क्रिकेटचं मोठेपण वाढेल. पेटकरांना पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडलं. २०२४ साली त्यांच्या आयुष्यावर आलेल्या चित्रपटामुळे त्यांचं नाव घराघरांत गेलं, त्याआधी पन्नास वर्षं ते मोजक्या लोकांच्या तोंडी होतं.

महिला क्रिकेटची वाटही अशीच. १९७३ साली त्यांची संघटना सुरू झाली, २००६ मध्ये ती बीसीसीआयमध्ये विलीन झाली. मधल्या काळात डायना एडलजी यांच्या पिढीने अनारक्षित डब्यातून प्रवास केले, शाळांच्या खोल्यांत मुक्काम केले. ३० ऑक्टोबर २०२५ ला नेरूळला ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना वांद्र्याच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ केल्या आणि तीन दिवसांनी संघाने चषक उचलला, तेव्हा बीसीसीआयने ५१ कोटी रुपये जाहीर केले. ते त्यांना मिळालेच पाहिजेत. पण त्या आकड्याचं वजन कळायला अनारक्षित डब्यातलं तिकीट समोर असावं लागतं.

वस्तू जपणं ही एकेका घराने ओढायची गाडी नाही. २०१७ साली खाशाबांच्या कुटुंबाला त्यांचं पदक लिलावात काढण्याची भाषा करावी लागली, कारण गोळेश्वरला कुस्ती संकुल उभारण्याचं वचन रखडलं होतं. नंतर राज्याने १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून ठरवला. २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्य मिळवलं, तेव्हा बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं, असं सगळीकडे छापून आलं. पहिलं पदक लोकांना त्या निमित्ताने पुन्हा आठवलं.

स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात १९९३ पासून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं स्वतंत्र संग्रहालय आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच समितीचं अधिवेशन आपल्या मुंबईत, बीकेसीत भरलं आणि तिथेच क्रिकेटला २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जागा मिळाली. १९०० नंतर पहिल्यांदा. म्हणजे आता क्रिकेटचं दालन आणि ऑलिंपिकचं दालन वेगळं ठेवायलाही कारण उरलेलं नाही. वानखेडेवर एक खोली चौगुले, शिंदे, खाशाबा, मेरी डिसूझा आणि पेटकर यांना द्यावी. मुंबईच्या क्रिकेटने एका जखमी जवानाला हायडलबर्गला पाठवलं होतं, तेव्हा हा हक्क मागताना मला संकोच वाटत नाही.

तोवर कागद टिकले पाहिजेत. मुंबईच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते आणि कसर लागते, बेळगाव-कराडकडच्या माळ्यांवर वाळवी असते. आमच्या कबड्डी मंडळाच्या जुन्या पावतीपुस्तकांचे फोटो आम्ही काढायला घेतले आहेत. पानापानाचा फोटो काढायचा, नाव वाचता येत नसेल तर म्हाताऱ्या खेळाडूंना दाखवून विचारायचं, आणि वर्ष लिहून ठेवायचं. तुमच्या घरात, तालमीत, जिमखान्याच्या कपाटात असं काही असेल, तर या पावसाळ्याआधी ते बाहेर काढा.