दारातला डग्गा

आमच्या चिरंजीवांनी मोटारीच्या दारांत महागडे स्पीकर बसविले. परंतु गुंजीहून बेळगावास जाताना भीमसेनांच्या साथीचा डग्गा काही ऐकू येईना. चिरंजीव आणखी मोठे स्पीकर घ्यावयास निघाले. आम्ही म्हटले, आधी दार उघडून पाहू.

पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते, मागची विरळ होते. दाराच्या आतील पत्र्याच्या भोकांतून या दोन्ही लहरी भेटल्या की खर्जाचा नाश होतो. फुटक्या भांड्याच्या डग्ग्यात घुमारा कोठून येणार?

प्रथम दोन्ही दारांच्या धन-ऋण तारा जुळविल्या. मग भोके ॲल्युमिनियमच्या पत्र्याने बुजविली व बाहेरच्या पत्र्यास आतून ब्यूटिल रबराच्या पट्ट्या चिकटविल्या. तळाची निचऱ्याची छिद्रे मात्र मोकळी ठेविली; खानापूर तालुक्याचा पाऊस कोणास ठाऊक नाही?

परतताना डग्गा घुमला. चिरंजीव गप्प होते. पैसेही वाचले होते.