खिशातले दुहेरी एरियल

वरवंडच्या एस. टी. थांब्यावर परवा एक गृहस्थ हातातला फोन उलटसुलट करून पाहत होते. "सर, ह्याचं एरियल गेलं कुठं?" त्यांनी विचारले. प्रश्न मोठा मार्मिक. 1995 साली आपल्या देशात मोबाईल फोन आले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर बोटभर शेंडी असे. ती आता पोटात गेली आहे.

एरियल नीट चालायचे तर ते साधारण लहरलांबीच्या चौथाईइतके असावे लागते. पुणे केंद्र आपण वर्षानुवर्षे 792 किलोहर्ट्झवर ऐकले. ती लहर सुमारे 379 मीटर लांब, म्हणून तर पूर्वी छपरापासून झाडापर्यंत तार ताणावी लागे. फोनची 900 मेगाहर्ट्झची लहर मात्र अवघी 33 सेंटिमीटर. तिची चौथाई सव्वाआठ. 1800 मेगाहर्ट्झला त्याच्या निम्मे पुरते. पहिली लहर दूरवर पोचते, दुसरी शहरातल्या गर्दीला उपयोगी. फोनला दोन्ही हव्यात.

दोन एरियले ठेवायला जागा कुठली? मग पत्र्याच्या एकाच पातळ तुकड्याला खाच पाडतात. विजेला दोन वाटा मिळतात: घाटासारखी वळणे घेत जाणारी लांब वाट 900 साठी, आखूड वाट 1800 साठी. आपल्याच जिल्ह्यात खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मूळ रचनेतही 233 आणि 610 मेगाहर्ट्झसाठी एकात एक बसवलेली जोडी होती. पण तिथे 45 मीटर व्यासाची तबकडी. जागेची चिंता नाही!

इथे खरी अडचण जागेचीच. एरियल जितके आखडावे, तितका त्याचा पट्टा अरुंद होतो. सूर जरा हलला की ग्रहण मंदावते. आणि सूर हलवते कोण? आपलीच मूठ. हातातले पाणी नि क्षार लहरींची शक्ती शोषतात, शिवाय एरियलचा सूरही खाली ओढतात. मनोरा जवळ असला तर हे जाणवत नाही. शिवारात, मनोरा दूर असताना, फोन जोर लावून बोलतो आणि बॅटरी लवकर संपते. आराखडा करणाऱ्याने म्हणूनच एरियल नुसते टेबलावर नव्हे, तर हातात धरून तपासले पाहिजे.

मी त्या गृहस्थांना फोनचे खालचे टोक मोकळे सोडायला सांगितले. पुष्कळ फोनांत एरियल तिथेच असते. आवाज सुधारला. थोडासाच, पण घरचा निरोप कळण्यापुरता.