पुलापलीकडचे बेट आणि आईची सुट्टी

सिनेमात आणि जाहिरातीत नेहमी एक बेट दाखवतात. नारळाची झाडे, निळे पाणी, स्वच्छ वाळू आणि खुर्चीवर निवांत पहुडलेली माणसे. मालदीव म्हणा, थायलंड म्हणा. आपल्या कल्याण-डोंबिवलीतला फिटर, शिपाई किंवा सफाई कामगार ते चित्र पाहतो आणि म्हणतो, हे आपल्यासाठी नव्हे.

वाचकहो, आम्ही सांगतो, आपल्यातले कितीतरी जण रोज बेटावर जातात! कल्याणहून निघालेली लोकल मुंब्रा-कळवा मागे टाकून ठाण्याच्या अलीकडे खाडीच्या पुलावर येते. त्या पुलापलीकडे आहे ते साष्टी बेट. सहासष्ट गावांचे म्हणून साष्टी, असे सांगतात. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र. १८५३ साली पहिली रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि १८५४ साली खाडी ओलांडून कल्याणला पोहोचली. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने हे बेट उष्ण कटिबंधातलेच. श्रीमंत माणूस विमानाने जाऊन जे पाहतो, तसल्या बेटावर आपण डबा घेऊन, दाराला लटकत रोज जातो. फक्त सुट्टी घेऊन जात नाही.

एका माघ पौर्णिमेला रविवार आला, तेव्हा आम्ही तशी सुट्टी घ्यायचे ठरवले. आम्ही दोघे भाऊ, आमच्या बायका, चार मुले आणि आई. डोंबिवलीहून ठाणे, ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने भाईंदर. वाटेत डाव्या हाताला जंगलाचे डोंगर. याच डोंगररांगेत पलीकडच्या बाजूला कान्हेरीची लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत कल्याणच्या दानकर्त्यांचे उल्लेख आहेत. म्हणजे कल्याणची माणसे या बेटावर दोन हजार वर्षांपासून येत आहेत! भाईंदरहून उत्तनमार्गे गोराई. आधी विपश्यना पॅगोडा पाहिला. ८ फेब्रुवारी २००९ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आत आठ हजार माणसे बसतील एवढा घुमट आणि मध्ये एकही खांब नाही. मुले मान वर करून पाहतच राहिली. मग दुपारी समुद्रावर.

जेवण झाले. दोनच्या सुमारास मुले पाण्यात शिरली. कमरेएवढे पाणी, वर ऊन, आम्ही सुरूच्या सावलीत आडवे झालेलो. तेवढ्यात जाळे दुरुस्त करीत बसलेले एक कोळी आजोबा जोरात ओरडले, "ओहोटी लागलीय, पोरांना वर घ्या!" पाहतो तो धाकटा बराच आत गेलेला. तो बाहेर यायला पाहत होता आणि पाणी त्याला मागे ओढत होते. भावाने धावत जाऊन त्याला दंडाला धरून आणले. काळजाचे पाणी झाले.

मग आजोबांनी आम्हाला शेजारी बसवून हिशेब शिकवला. तो आम्ही इथे मुद्दाम देत आहोत. तिथीला पाऊण पट करा, म्हणजे तीनने गुणून चारने भागा. जो आकडा येईल तितक्या वाजता साधारण पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा ही पंधरावी तिथी, म्हणून सव्वाअकरा. वद्य पक्षातही प्रतिपदेपासून तसेच मोजायचे. दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. भरतीनंतर सहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, म्हणजे पाणी सर्वात जास्त चढते आणि उतरतेही सर्वात जास्त. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, जोर कमी.

आता विचार करा. आपल्या कुटुंबांची सहल बहुधा पौर्णिमेला निघते. त्या दिवशी दुपारच्या आत पाणी भरते. आपण जेवून पाण्यात उतरतो नेमके तेव्हा, जेव्हा ते उधाणाच्या जोराने उतरत असते. म्हणून पौर्णिमेला पॅगोडा जरूर पाहा, पण दुपारी मुलांना घोट्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नका. मोठ्यांपैकी एकाने काठावर उभे राहून फक्त मुलांकडेच पाहावे. पावसाळ्यात तर पाण्यात पाऊलही टाकू नये. आणि हा हिशेब अंदाजाचा आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात शिरू नये.

पण त्या दिवसाची दुसरी गोष्ट आम्हाला घरी परतताना कळली. गाडीत धाकट्याने आजीला विचारले, "आजी, तुझी साडी ओली कशी नाही झाली?" आम्ही पाहिले. आईच्या साडीचे काठ कोरडे. दोघी सुनांचेही कोरडे. पहाटे चार वाजता उठून तिघींनी चपात्या लाटल्या, अंडी उकडली, सुकटीची चटणी केली. किनाऱ्यावर वाढले, भांडी आवरली, मग चपला, पिशव्या आणि कपडे राखत बसल्या. समुद्र पाहिला तो लांबूनच. घरी आल्यावर मुलांच्या कपड्यांतली वाळूही त्यांनीच धुतली.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात १९४५ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांतल्या कामगाराला वर्षभराच्या नोकरीनंतर भरपगारी रजेचा हक्क मिळाला. १९४६ च्या दुरुस्तीने तिथले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. विश्रांती हा आळस नव्हे, तो कष्ट करणाऱ्याचा हक्क आहे, हे तेव्हा कायद्याने मान्य झाले. आज कंत्राटावरच्या कितीतरी बांधवांना ती रजा मागतानाही नोकरीची धास्ती वाटते, ही वेगळी लढाई आहेच. पण आपल्या घरातल्या बाईचे तास कोणी मोजले? तिची भरपगारी रजा कोण मंजूर करणार? तिथे तर साहेबही आपण आणि मालकही आपणच!

पुढच्या खेपेला आम्ही ठरवून गेलो. अष्टमीच्या जवळचा रविवार निवडला. आदल्या रात्री दोघा भावांनी पाव आणून ठेवले, सकाळी बटाटे उकडून भाजी केली. तिखट जरा जास्त झाले, पण कोणी तक्रार केली नाही. किनाऱ्यावर एक तास सामान राखायची पाळी आमची, पुढचा तास भावाची. मुलांनी आजीचे दोन्ही हात धरून तिला पाण्यापर्यंत नेले. पहिली लाट पायावर आली तेव्हा ती घाबरून ओरडली, मग हसली, आणि वर यायला तयारच होईना. ठाण्यात इतकी वर्षे धुणीभांडी केली, पण या बेटाला समुद्र आहे हे पायाला आजच कळले, असे ती म्हणाली.

तेव्हा वाचकहो, मालदीवचे राहू द्या. तिथी पाहा, डबा आपण भरा आणि पूल ओलांडा. संध्याकाळी परतताना एकच गोष्ट तपासा, घरातल्या बाईच्या साडीचे काठ भिजले आहेत की नाही. भिजले असतील तर समजा, सुट्टी सगळ्यांना मिळाली.