घडीतला पावसाळा

पारोळ्याच्या एका ताईंचं पत्र आलंय आणि उन्हाळा तोंडावर आहे, तेव्हा आज हेच.

ताईंनी चाळीस किलो उतरवले. शुगर ताब्यात आली, गुडघे मोकळे झाले. पण ओटीपोटाची घडी लोंबते आणि होळी झाली की तिच्याखाली लाल होतं, आग होते, वास येतो. सासूबाई म्हणतात, तेल जिरव. मेडिकलवाल्या भाऊंनी ट्यूब दिली, आठ दिवस बरं वाटलं, मग दुप्पट उठलं. यातलं काय करू, असं त्या विचारतात.

तेलाचं झटकन सांगतो. ताणलेल्या कातडीतलं, तिला परत आवळणारं इलॅस्टिन तुटलेलं असतं. चोळून ते परत येत नाही. उलट घडीत तेल म्हणजे आणखी ओल.

खरा घोळ हवेचा आहे. खानदेशात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, हवा कोरडी, हातावरचा घाम पुसायच्या आत उडतो. घडीत मात्र वाराच शिरत नाही. बाहेर वैशाख आणि आत कोकणातला श्रावण! कातडीवर कातडी घासते, ओली राहते, वरचा थर फुगून सोलवटतो आणि बुरशीला दार उघडतं. कँडिडा असेल तर लालीच्या कडेबाहेर बारीक सुटे फोड दिसतात. गजकर्ण असेल तर कड उठून पसरत जाते. दोन्हींची औषधं नेहमी एकच नसतात, म्हणून त्वचारोगतज्ज्ञाला एकदा दाखवाच. शुगर चढली असेल तर बुरशी हटत नाही, तीही तपासा.

आता ती ट्यूब. माझा जुना राग आहे, जरा सहन करा. अशा ट्यूबमध्ये बहुधा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं जोरदार स्टिरॉइड असतं, जोडीला बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक. स्टिरॉइड लाली आणि खाज दाबतं, म्हणून आठ दिवस बरं वाटतं. बुरशी आत पसरतच असते. झाकलेल्या कातडीत ते जास्त शोषलं जातं, कातडी पातळ होते, रुंद चिरा पडतात. आधीच ताणून निकामी झालेल्या कातडीला हे वरून! २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. गल्लीत काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

रोजचं साधं आहे. आंघोळीनंतर घडी उचलून टिपून कोरडी करायची, घासायची नाही. दुपारी पंख्याखाली आडवं पडून घडी उघडी ठेवायची. जुन्या धोतराचा स्वच्छ धडपा मध्ये घालायचा आणि ओला झाला की लगेच बदलायचा. पावडर थापू नका, घामात तिचे गोळे होतात.

एवढं करूनही दर उन्हाळ्यात चिघळत असेल तर घडी काढणं ही हौस उरत नाही. १८९९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हॉवर्ड केली यांनी एका बाईच्या पोटावरून सात किलोंहून जास्त चरबी आणि कातडी काढली. केली सौंदर्यवाले नव्हते, स्त्रीरोगतज्ज्ञ होते. आपल्या विम्याला मात्र हे अजून उमगायचंय. विमा नियामकाने २०१९ मध्ये प्रमाणित अपवाद ठरवले. त्यांत वजन उतरवायच्या ऑपरेशनला बीएमआय चाळीस असेल, किंवा पस्तीस आणि सोबत गंभीर आजार असेल, तर इतर अटींसह वाट आहे. मागे उरलेली कातडी काढायची म्हटली की कंपनी ‘कॉस्मेटिक’चा अपवाद दाखवते. तो नीट वाचा. आरोग्याचा थेट आणि तातडीचा धोका दूर करायला आवश्यक असलेला उपचार त्यातून सोडलेला आहे, मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दाखला लागतो. कंपनी ‘तातडीचा’ या शब्दावर अडून बसेल, हेही धरून चला.

म्हणून ताई, यंदा प्रत्येक वेळी दवाखान्यात जाल तेव्हा चिठ्ठीवर तारीख, जागा आणि निदान लिहून घ्या, मोबाइलमध्ये फोटो ठेवा, औषधांची बिलं फेकू नका. वजन निदान सहा महिने एका जागी थांबू द्या, सर्जन तेच पहिलं विचारतात.