रणगाडा गंजण्याआधी मळतो

रणगाड्याचं मॉडेल जोडून झालं, रंग वाळला आणि आता त्यावर जुनेपणा आणायचा म्हटलं, की बहुतेकांचा हात आधी गंजाच्या रंगाकडे जातो. प्रत्येक रिव्हेटखाली नारिंगी ओघळ आणि कडेकडेने चंदेरी खरवड. काम सफाईदार असतं, मेहनतही दिसते, पण गाडी आघाडीवरची न वाटता भंगाराच्या वखारीतली वाटते.

लढाईतल्या गाडीला गंजायला सवडच मिळत नसे. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यातून निघालेले कितीतरी रणगाडे काही महिन्यांतच नष्ट झाले. शिवाय रंगाखाली गंजरोधक प्राइमरचा थर असे. जर्मन गाड्यांवर तो तांबडा असायचा. ओरखडा उथळ असेल तर खालचा प्राइमर दिसतो. खोल असेल तर पोलाद उघडं पडतं आणि थोड्याच दिवसांत काळपट तपकिरी होतं. जिथे रोज बूट घासतात किंवा लोखंडावर लोखंड आपटतं, तिथेच धातूची मळकट चकाकी टिकते. खरा लालसर गंज शोधायचा तर सायलेन्सर पाहावा. तिथला पत्रा पातळ असतो आणि उष्णतेने रंग जळून जातो, त्यामुळे नवी गाडीही त्या एका जागी लवकर तांबूस होते.

ओरखडे किती मोठे असावेत याचाही हिशेब असतो आणि तो कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. १/३५ प्रमाणाच्या मॉडेलवर एक मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटरचा रंग उडालेला. मॉडेल डोळ्यांपासून ३५ सेंटिमीटरवर धरलं, तर आपण खरा रणगाडा सुमारे १२ मीटरवरून पाहतो आहोत. तेवढ्या अंतरावरून बारीक खरचटे दिसतच नाहीत. म्हणून स्पंजच्या तुकड्याने ठिपके द्यायचे तर स्पंज आधी कागदावर जवळजवळ कोरडा करावा, आणि थोडं कमीच झालंय असं वाटेल तिथे थांबावं. जाता जाता सांगतो, हे ३५चं प्रमाण कुठल्या लष्करी नियमातून आलेलं नाही. मॉडेल बनवणाऱ्या तामिया कंपनीने १९६१ मध्ये मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. त्याच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात असा आकार ठरला, आणि तेच प्रमाण पुढे जगभर रूढ झालं.

दुसरा गैरसमज जास्त चिवट आहे: बाटलीवर छापलेला क्रमांक म्हणजे गाडीचा ‘अचूक’ रंग. जर्मन रणगाड्यांचंच पाहा. युद्धाच्या सुरुवातीला ते निव्वळ गडद राखाडी होते, असं अनेक वर्षं मानलं जाई आणि किटच्या सूचनापत्रकांतही तसंच छापलेलं असे. प्रत्यक्षात जुलै १९४० पर्यंत राखाडीवर गडद तपकिरीचे पट्टे देण्याचा नियम होता, साधारण एक तृतीयांश भागावर. पण दोन्ही रंग इतके गडद, की कृष्णधवल छायाचित्रात ते एकमेकांत मिसळून जातात. जुने आदेश तपासले गेले तेव्हा ही गोष्ट मॉडेलकारांपर्यंत पोहोचली. पोलंडमधला १९३९ सालचा रणगाडा नुसता राखाडी रंगवला, तर ती चूक छायाचित्र समोर ठेवूनही होते!

पुढे फेब्रुवारी १९४३ मध्ये गडद पिवळा हा मूळ रंग ठरला. त्यावरचे हिरवे आणि लालसर तपकिरी पट्टे गाडीवरच्या लोकांनी स्वतः मारायचे होते. रंग घट्ट लगद्याच्या रूपात डब्यातून मिळे. तो पेट्रोलमध्ये किंवा पाण्यात पातळ करायचा आणि फवारायचा. फवारणीयंत्र नसेल तर ब्रशने लावायचा. कोणी किती पातळ केला त्यावर छटा ठरे. एकाच तुकडीतल्या दोन गाड्या हुबेहूब सारख्या दिसत नसत. तेव्हा छटेवरून वाद घालण्यापेक्षा, ही गाडी कुठल्या साली, कुठल्या आघाडीवर होती हे आधी ठरवणं मला जास्त मोलाचं वाटतं. आणि ‘एअरब्रशशिवाय चांगलं काम होत नाही’ या समजुतीलाही इथेच उत्तर मिळतं. हिवाळ्यातला पांढरा रंग सैनिकांनी ब्रशने, प्रसंगी झाडूनेही फासला आहे. तो परिणाम हाताच्या ब्रशनेच जास्त खरा येतो.

आता साखळ्या. त्या काळ्या रंगवा किंवा पूर्ण गंजवा, असं सर्रास सांगितलं जातं. रस्त्याच्या कामावर उभा असलेला पोकलेन जवळून पाहा. साखळीचा जो भाग जमिनीला घासतो आणि ज्यावरून चाकं फिरतात, तो चकचकीत असतो. खाचांत वाळलेली माती. उरलेल्या भागावर मंद तपकिरी झाक. पोलादी साखळ्यांच्या रणगाड्यालाही हेच लागू पडतं. मात्र शेर्मनसारख्या गाडीच्या काही साखळ्यांना रबराचे पॅड असत. ते चमकत नाहीत, धुळीने राखाडी होतात. तिथे चंदेरी रंग लावणं सरळ चूक.

वॉशसाठी, म्हणजे खाचांत उतरवायच्या पातळ रंगासाठी, शुद्ध काळा वापरू नये. तो खाचेत बसल्यावर शाईने रेघ ओढल्यासारखा दिसतो. गडद तपकिरी एनॅमल किंवा तैलरंग पातळ करून त्याचा थेंब वेल्डिंगच्या कडेला टेकवावा. तो आपोआप खाचेत पळतो. थोडं वाळू द्यावं आणि व्हाइट स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेला ब्रश वरून खाली, पाणी ओघळेल त्याच दिशेने ओढावा. खाली अ‍ॅक्रिलिक रंग आणि त्यावर व्हार्निश पूर्ण वाळलेलं असेल, तर मूळ रंग सुटत नाही. चिखल मात्र सगळीकडे सारखा नको. खाली जाड, वर विरळ. ताजा गडद, वाळलेला फिका.

राहता राहिला संग्रहालयाचा पुरावा. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात मॅटिल्डा, विजयंता आणि पॅटन हाताच्या अंतरावर पाहता येतात. महाराष्ट्रातल्या मॉडेलकाराला ही मोठीच सोय आहे. पण संग्रहालयातल्या गाड्या जपणुकीसाठी पुन्हा पुन्हा रंगवल्या जातात, त्यामुळे तिथला रंग युद्धकाळातला म्हणून उतरवून घेऊ नका. ओतीव पोलादाचा खरबरीतपणा, वेल्डची जाडी, बोल्टची ठेवण नीट पाहून घ्या. रंगासाठी त्या वर्षाची, त्या तुकडीची छायाचित्रं आणि आदेश शोधा, आणि ते हाती आल्यावरच बाटली उघडा.