उतारा चोरी दाखवतो

तुळजापूरचं एमडी या अमली पदार्थाचं प्रकरण 2025 मध्ये उघडकीस आलं, तेव्हा चर्चा झाली ती पुड्यांची. पण पुडी हा शेवटचा टप्पा. सुरुवात होते रसायनांच्या ड्रमपासून.

एमडीची कच्ची रसायनं वेगळी; पण ड्रमना कसे पाय फुटतात याचा धडा शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात दुसऱ्याच रसायनातून मिळाला. एप्रिल 2016 मध्ये चिंचोळी एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीतून ठाणे पोलिसांनी सुमारे 18.5 टन एफेड्रिन जप्त केलं. हे खरं तर औषध. भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब सावरायला डॉक्टर ते वापरतात. मात्र त्याच्या आणि मेथॅम्फेटामिन या अमली पदार्थाच्या रेणूत फरक आहे तो फक्त एका ऑक्सिजन अणूचा. त्यामुळे बंदी घालता येत नाही, राखणच करावी लागते.

एनडीपीएस कायद्याखालच्या 2013 च्या आदेशानुसार एफेड्रिन, ॲसेटिक ॲनहायड्राइड अशा रसायनांच्या उत्पादकांना अमली पदार्थ नियंत्रण विभागाकडे, म्हणजे एनसीबीकडे, नोंदणी करावी लागते. साठ्याचा तिमाही हिशेब द्यावा लागतो. माल गहाळ झाला तर तेही कळवावं लागतं. नियम मोडल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी.

पण किल्ली ज्याच्या हातात, त्याला कुलूप काय अडवणार? तिथे रसायनशास्त्र कामी येतं. साखर कारखान्यात ऊस किती गाळला, साखर किती निघाली, यावरून उतारा काढतात. तसाच उतारा इथेही निघतो. एफेड्रिनचा रेणुभार 165, त्याच्या हायड्रोक्लोराइड क्षाराचा 202. म्हणजे 100 किलो एफेड्रिनपासून जास्तीत जास्त 122 किलो क्षार मिळणार. समजा, एरवी 115 किलो निघतो आणि एका खेपेत वहीत 105 च दिसला. मग उरलेले दहा किलो गाळून राहिलेल्या द्रवात गेले, सांडले, की फाटकाबाहेर पडले? त्या द्रवाचा नमुना तपासला की निदान पहिल्या शंकेचं उत्तर मिळतं.

ड्रमचंही तसंच. सील शाबूत असलं तरी निघताना आणि पोचल्यावर वजन करायचं, आतला नमुना तपासायचा; कारण चोरलेल्या मालाच्या जागी दुसरी पावडर भरली, तर काटा गप्प बसतो.

सगळ्यात मोठा धोका असतो उत्पादन थांबलेल्या कारखान्यात. तिथे उताराच निघत नाही, साठा मात्र पडून राहतो. म्हणून यंत्रं थांबली की पहिलं काम साठा मोजून, तपासून त्याची विल्हेवाट लावण्याचं.