पायी वारीची पूर्वतयारी

आषाढी वारीसाठी शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी धाराशिव जिल्ह्यातून कळंब, तुळजापूरमार्गे पंढरपूरकडे जाते आणि महिनाभराच्या या वाटचालीतील प्रत्येक मुक्काम, म्हणजे रात्रीच्या वस्तीचे ठिकाण, तारखेसह आधीच ठरलेला असतो. वेळापत्रकाची ही जबाबदारी दिंडीने, म्हणजे एकत्र चालणाऱ्या वारकऱ्यांच्या शिस्तबद्ध समूहाने, उचललेली असतानाही नवखा वारकरी सामानाच्या याद्यांत अडकला, तर त्याची धास्ती तात्पुरती ओसरते, परंतु पाठीवरचे ओझे वाढते आणि पायांना सराव घडत नाही. नवी पादत्राणे थेट वारीत घातल्यास घर्षणाने टाचेला फोड येतात, म्हणून ती आधीच वापरून रुळवावीत. याद्या आटोपत्या घ्याव्यात आणि उरलेला वेळ रोजच्या चालण्याला द्यावा, हीच खरी तयारी होय.